मुलासाठी कोणता मोबाईल? : एका बालरोगतज्ज्ञाचे मत

"डॉक्टर, मुलासाठी कोणता मोबाईल घ्यावा?" हा प्रश्न हल्ली माझ्या दवाखान्यात पुढच्या बूस्टर डोसच्या तारखेइतक्याच सहजतेने विचारला जातो. २०२० च्या मार्चपूर्वी पालक विचारीत, "मोबाईल द्यावा का?" टाळेबंदीत शाळाच मोबाईलमधून घरात आली आणि त्या प्रश्नातला 'का' गळून पडला, मागे उरला तो केवळ 'कोणता'. माझ्या मते 'का' आणि 'केव्हा' यांचा निकाल लागल्याशिवाय 'कोणता' याचे उत्तर देता येत नाही. औषधाचे नाव लिहिण्यापूर्वी आपण मुलाचे वय विचारतो, वजन करतो आणि मग मात्रा ठरवितो. मोबाईलच्या बाबतीत मात्र वय न पाहताच औषध दिले जाते, आणि तेही मोठ्या माणसाच्या मात्रेत.

प्रस्तुत लेखात मला दोन गोष्टी मांडावयाच्या आहेत. पहिली अशी की, दहावी होईपर्यंत मुलाच्या मालकीचा स्मार्टफोन नसावा; गरज असल्यास साधा, बटणांचा फोन द्यावा. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. हा निर्णय कोणत्याही एका घराला एकट्याने निभावता येत नाही. तो मुलाच्या वर्गातील पालकांनी मिळून घ्यावा लागेल आणि त्यासाठी आपल्यासारख्या डॉक्टरांच्या संघटनांनी पुढे यावे लागेल.

भीती कशाची बाळगावी?

पालकांना सर्वाधिक धास्ती वाटते ती रेडिएशनची. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ साली मोबाईलच्या लहरींचा समावेश 'कदाचित कर्करोगकारक' या गटात केला, तेव्हापासून ही भीती घराघरांत शिरली. त्यानंतर बरेच संशोधन झाले. याच संघटनेच्या सांगण्यावरून झालेला आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला मोठा आढावा सांगतो की, मोबाईलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळत नाही. क्ष-किरणांप्रमाणे पेशींतील रासायनिक बंध तोडण्याइतकी ऊर्जा या लहरींत नसते. आपल्या देशात १ सप्टेंबर २०१२ पासून फोनच्या लहरी शरीरात किती शोषल्या जाव्यात, याची मर्यादा एक ग्रॅम ऊतीच्या सरासरीने किलोग्रॅममागे १.६ वॉट एवढी ठरवून दिलेली आहे. फोनवर स्टार-हॅश-शून्य-सात-हॅश ही बटणे दाबली की त्या फोनचा 'सार' हा आकडा दिसतो. तो अवश्य पाहावा. परंतु मर्यादेच्या आतील दोन फोनांपैकी ज्याचा आकडा कमी, तो मुलासाठी अधिक सुरक्षित, असा अर्थ त्यातून काढू नये. फोनच्या पाठीला चिकटविण्याची 'अँटी-रेडिएशन' स्टिकरे तर पूर्णतः निरुपयोगी होत.

ही भीती आपण बाजूला ठेवली पाहिजे, कारण ती खऱ्या धोक्यांवरून लक्ष उडविते. कमी आकड्याचा महागडा फोन घेऊन दिला म्हणजे कर्तव्य संपले, असे पालकांना वाटू लागते आणि तोच फोन रात्री मुलाच्या उशीखाली जातो.

झोप, डोळे आणि अनोळखी माणसे

बालरोगतज्ज्ञ म्हणून मला पहिली चिंता वाटते ती झोपेची. सहा ते बारा वर्षांच्या मुलास रोज नऊ ते बारा तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलास आठ ते दहा तास झोप हवी. सकाळी सातला शाळेची बस गाठणाऱ्या नववीतल्या मुलाने हिशेब केला, तर रात्री साडेनऊ-दहाला त्याचे डोळे मिटले पाहिजेत. प्रत्यक्षात त्या वेळेला त्याच्या मित्रांचा व्हॉट्सॲप ग्रुप नुकता कोठे जागा झालेला असतो. डोकेदुखी, चिडचिड, सकाळची मळमळ, अभ्यासात मागे पडणे अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या शाळकरी मुलाच्या रक्ताच्या तपासण्या लिहिण्यापूर्वी "रात्री फोन कोठे असतो?" हा एक प्रश्न मी हटकून विचारतो. पुष्कळदा निदान तेथेच होते आणि प्रयोगशाळेचा खर्च वाचतो.

दुसरी चिंता डोळ्यांची. लहान वयात लागणारा चष्मा आणि त्याचा वाढत जाणारा नंबर यांचा संबंध जवळून पाहण्याशी तर आहेच, पण उघड्यावरच्या प्रकाशात न खेळण्याशीही आहे. आमच्या बेळगावात जून ते सप्टेंबर पावसाची झड लागते, मैदाने ओस पडतात आणि मुले घरात कोंडली जातात. एरवी खेळण्यात जाणारी संध्याकाळ त्या चार महिन्यांत सर्वस्वी पडद्याला मिळते, आणि तीच सवय पुढे दिवाळीच्या सुटीतही टिकून राहते.

मनाच्या आरोग्याविषयी मात्र तोलून बोलले पाहिजे. अमेरिकेतील जोनाथन हाइट यांनी २०२४ मधील आपल्या ग्रंथात किशोरवयीन मुलांतील नैराश्य आणि चिंता यांच्या वाढीचा दोष प्रामुख्याने स्मार्टफोनवर ठेवला. त्यांच्याच देशातील मानसशास्त्रज्ञ कँडिस ऑजर्स यांनी, पुरावा एवढा भक्कम नाही, असे त्याच वर्षी सांगितले. हा वाद मिटलेला नाही. परंतु झोप, खेळ आणि समोरासमोरचे बोलणे यांवाचून मूल नीट वाढत नाही, याविषयी कोणाचेच दुमत नाही. आणि या तिन्ही गोष्टी स्मार्टफोन खाऊन टाकतो, हे आपण रोज पाहतो. निर्णय घेण्यास मला एवढे पुरेसे वाटते.

उरला तो अनोळखी माणसांचा धोका. खेळता खेळता परक्याशी बोलण्याची सोय अनेक ऑनलाइन खेळांत असते. तेथून ओळख, ओळखीतून छायाचित्र आणि छायाचित्रावरून धमकी असा हा मार्ग आहे. अशा प्रसंगी मूल घरी सांगत नाही, कारण 'फोन काढून घेतील' ही भीती त्याला धमकीहूनही मोठी वाटते. म्हणून फोन हाती देतानाच त्याला सांगून ठेवावे की, काहीही झाले तरी आधी आमच्याकडे ये, रागावणार नाही. सायबर गुन्ह्यांसाठी १९३० आणि बालकांच्या मदतीसाठी १०९८ हे क्रमांक प्रत्येक घरात माहीत असावेत.

सर्वांत असुरक्षित फोन : वडिलांचा जुना

मुलाला मिळणारा पहिला फोन बहुधा दुकानातून येत नाही. वडील नवा फोन घेतात आणि जुना "राहू दे तुझ्याकडे" म्हणून मुलाकडे जातो. माझ्या मते हाच सर्वांत असुरक्षित फोन होय, आणि त्याविषयी कोणीच प्रश्न विचारीत नाही.

त्यात वडिलांचे गूगल खाते तसेच चालू असते. त्यामुळे फोन हाताळणारी व्यक्ती पंचेचाळीस वर्षांची आहे, असेच यूट्यूब समजते आणि त्या वयाला साजेशा गोष्टी दहा वर्षांच्या मुलापुढे मांडते. पैसे पाठविण्याची ॲप्स तशीच असतात आणि त्यांचा पिन मुलाने केव्हाच पाहून ठेवलेला असतो. फोन पाच-सहा वर्षांचा असल्यास कंपनीकडून येणारी सुरक्षेची सुधारणा कदाचित बंदही झालेली असते. आपल्या व्यवसायबंधूंच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. डॉक्टरांच्या फोनमध्ये रुग्णांची छायाचित्रे, एक्स-रे, तपासण्यांचे अहवाल असतात. ते घरातल्या मुलाच्या आणि त्याच्या मित्रांच्या हाती जाणे हा गोपनीयतेचा भंग आहे. मग तो कितीही अजाणता होवो.

जुना फोन द्यावयाचाच असेल तर तो पूर्णपणे पुसून, कारखान्यातून आला तसा कोरा करून द्यावा. मुलाची खरी जन्मतारीख घालून नवे खाते उघडावे. वय वाढवून लिहिले की लहान मुलांसाठी ठेवलेली सारी कुलपे आपल्या हाताने उघडली जातात. आपल्या देशाच्या २०२३ च्या विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे. त्याची माहिती वापरण्यास पालकांची पडताळलेली संमती हवी आणि त्याच्यावर पाळत ठेवून जाहिराती दाखवू नयेत, अशी तरतूद त्यात आहे. तिचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाचे आहेत. परंतु मुलाचे वय आपणच खोटे सांगितले, तर कोणता कायदा त्याचे रक्षण करणार?

वयानुसार मात्रा

दोन वर्षांखालील मुलास पडदा मुळीच नको. दोन ते पाच या वयात मोठ्यांच्या देखरेखीखाली जास्तीत जास्त एक तास आणि पाच ते दहा या वयात दोन तासांहून कमी, असे भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. या वयात स्वतःच्या फोनचा प्रश्नच उद्भवत नाही. घास भरविताना आजी फोन पुढे धरते, तो मात्र उद्भवतो. आजीला दोष देण्यात अर्थ नाही. मुलगा-सून कामावर गेल्यावर दोन नातवंडे सांभाळणाऱ्या त्या माउलीला दुसरा हात हवा असतो. तो हात देणे हे घराचे काम आहे.

पाचवी ते सातवी या वर्षांत मूल एकट्याने शिकवणीला, तबल्याच्या वर्गाला, मैदानावर जाऊ लागते. आई-वडील दोघेही नोकरीला असतील तर त्याच्याशी संपर्क हवाच. त्यासाठी बटणांचा साधा फोन पुरतो. मात्र तो घेताना तीन गोष्टी पाहाव्यात:

१. बटणे आहेत म्हणजे फोन साधा आहे, असे नाही. २०१७ साली आलेल्या जिओफोनवर पुढच्याच वर्षी व्हॉट्सॲप आणि यूट्यूब आले. आजही अनेक बटणांच्या फोनांत इंटरनेट, व्हिडिओ आणि पैसे पाठविण्याची सोय असते. दुकानदाराला स्पष्ट विचारावे आणि डेटा नसलेले रिचार्ज मारावे.

२. निव्वळ टू-जी फोनमध्ये जिओचे सिमकार्ड चालत नाही. घरी कोणते सिम आहे ते पाहूनच फोन घ्यावा, नाहीतर तो परत करावा लागतो आणि परत करताना नेमका स्मार्टफोन घरी येतो.

३. मूल कोठे आहे हे दाखविणाऱ्या सिमकार्डच्या घड्याळांच्या मोहात चटकन पडू नये. चोरून ऐकण्याची सोय असलेल्या अशा मुलांच्या घड्याळांवर जर्मनीने २०१७ मध्ये बंदी घातली होती. 'मुलांसाठी सुरक्षित' हे शब्द खोक्यावर छापलेले असले, तरी आत काय आहे ते पाहावेच लागते.

आठवी ते दहावी या काळात शाळेचे निरोप, अभ्यासाचे व्हिडिओ, प्रकल्प यांसाठी स्मार्टफोन लागतो, हे मला मान्य आहे. तो घराचा असावा, मुलाचा नव्हे. दिवाणखान्यात बसून वापरावा आणि रात्री नऊनंतर स्वयंपाकघरात चार्जिंगला लावावा. गूगलचे फॅमिली लिंक किंवा आयफोनमधील स्क्रीन टाइम या सोयी विनामूल्य आहेत. नवे ॲप घेण्यास पालकाची परवानगी, दिवसाची मर्यादा, झोपेच्या वेळचे कुलूप हे सारे त्यांत आहे. हे कुलूप मुलापासून लपवून लावू नये. चोरून पाळत ठेवली की विश्वास जातो, आणि हुशार मूल कुलूप उघडावयास शिकते ते वेगळेच.

दहावीनंतर, कॉलेजला जाताना, स्वतःचा फोन मिळावा. तो निकालाच्या टक्क्यांचे बक्षीस म्हणून मात्र देऊ नये. नव्वद टक्के मिळविणाऱ्या मुलाला अधिक संयम असतो, असे कोणत्याही शास्त्राने सिद्ध केलेले नाही. जबाबदारी पेलण्याची तयारी दिसली म्हणून फोन द्यावा. आपल्या देशात अठरा वर्षांखालील व्यक्तीस सिमकार्ड मिळत नाही. तोवरचे प्रत्येक सिम आपल्याच नावावर आहे, हे पालकांनी विसरू नये. मुलालाही ते शांतपणे सांगावे.

यास वैद्यकीय अपवाद आहेत. टाइप वन मधुमेहाच्या मुलाच्या दंडावरील सेन्सर साखरेचा आकडा स्मार्टफोनवर पाठवितो. तेथे तो फोन उपचाराचा भाग आहे आणि शाळेनेही त्याला आडकाठी करू नये, असे पत्र आपण डॉक्टरांनी द्यावे.

मुलगा आणि मुलगी

एक गोष्ट स्पष्टपणे लिहावीशी वाटते. एकाच घरात नववीतल्या मुलाकडे स्वतःचा फोन आणि कॉलेजात जाणाऱ्या त्याच्या बहिणीकडे मात्र नाही, असे मी अनेकदा पाहतो. "मुलीची जात, काळजी वाटते," असे सांगितले जाते. काळजी खरी असेलही. परंतु पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ साली केंद्र सरकारला कायद्याने बंदी घालावी लागली. त्या खेळांच्या जाळ्यात बव्हंशी मुलगे सापडलेले माझ्या पाहण्यात आहेत. नियम वयानुसार असावा आणि तो दोघांनाही सारखा असावा.

'सगळ्यांकडे आहे'

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. वर लिहिलेले बहुतेक पालकांना पटते. तरीही सहावीतल्या मुलाच्या हाती स्मार्टफोन येतो, कारण मूल एका वाक्याने सारे युक्तिवाद जिंकते: "वर्गात सगळ्यांकडे आहे." हे वाक्य अगदीच खोटे नसते. चाळीस मुलांच्या वर्गात तीस जणांचा ग्रुप असेल, तर उरलेली दहा मुले खरोखरच एकटी पडतात. वाढदिवसाचे आमंत्रण, खेळाची वेळ, गृहपाठ सारे तेथेच ठरते. एकट्या घराने ठाम राहावे, असा उपदेश करणे सोपे आहे. त्याची किंमत मात्र ते मूल मोजते.

आपण डॉक्टर या परिस्थितीला चांगले ओळखतो. टिळकवाडीतील ज्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर आज आपण फिरावयास जातो, तेथे एकेकाळी देवीची लस तयार होत असे. तो रोग जगातून गेला, तो प्रत्येकाने आपापल्या घरापुरती काळजी घेतली म्हणून नव्हे. गावोगाव लस टोचली गेली, रोगाला पसरावयास वाट उरली नाही, म्हणून गेला. वर्गातील पंचवीस पालकांनी एकत्र ठरविले, तर 'सगळ्यांकडे आहे' हे वाक्यच खोटे पडते आणि उरलेल्यांनाही आपोआप संरक्षण मिळते.

हे स्वप्नरंजन नाही. आयर्लंडमधील ग्रेस्टोन्स या गावातील प्राथमिक शाळांच्या पालक संघांनी २०२३ मध्ये एकत्र येऊन प्राथमिक शिक्षण संपेपर्यंत मुलांना स्मार्टफोन न देण्याचे स्वेच्छेने ठरविले. आपल्या शेजारचेच उदाहरण हवे असेल, तर सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तेथे २०२२ साली ग्रामस्थांनी रोज सायंकाळी सात वाजता भोंगा वाजविण्यास सुरुवात केली. भोंगा झाला की दीड तास मोबाईल आणि टीव्ही बंद, मुलांनी पुस्तक उघडावयाचे. त्यासाठी कायदा लागला नाही की महागडे यंत्र लागले नाही. लागला तो एक भोंगा आणि गावाचा निश्चय. ऑस्ट्रेलियाने सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास कायद्याने मनाई केली आणि १० डिसेंबर २०२५ पासून ती अमलात आणली. कायद्याची परिणामकारकता काळ ठरवील. पालकांना मात्र तोवर थांबण्याचे कारण नाही.

आक्षेप आणि उत्तर

काही सहकारी म्हणतात, बंदीने मुले बिघडतात, वापरावयास शिकवा. यात तथ्य आहे. परंतु शिकविण्यालाही वय असते. आपण मुलास रस्ता ओलांडावयास शिकवितो ते बोट धरून. दुसरीतल्या मुलाला स्कूटरची किल्ली देऊन नव्हे. दुसरा आक्षेप असा की, फोन नसला तर मूल स्पर्धेत मागे पडेल. स्मार्टफोन चालविणे ही अवघड विद्या असती, तर सत्तरीतील आपले आई-वडील ती महिनाभरात शिकले नसते. लांबलचक उतारा शेवटपर्यंत वाचणे, कंटाळा सोसणे, हरल्यावर पुन्हा डाव मांडणे या गोष्टी मात्र लहानपणीच शिकाव्या लागतात. आपल्या सीमाभागातील मुलाला घरी मराठी, बाहेर कन्नड आणि शाळेत इंग्रजी अशा तीन भाषा पेलावयाच्या असतात. त्या माणसांच्या तोंडून कानावर पडाव्या लागतात. कार्टूनमधल्या हिंदीतून नव्हे.

ज्यांच्या बाबतीत वेळ निघून गेली आहे, त्या मुलांना दोष न देता मदत मिळाली पाहिजे. बंगळूर येथील निम्हान्समध्ये तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी 'शट' नावाचे स्वतंत्र उपचार केंद्र २०१४ पासून आहे. फोन एकाएकी हिसकावून घेतल्याने मूल हिंसक झाल्याची, घर सोडून गेल्याची उदाहरणे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असतील. तेथे मात्रा हळूहळूच उतरवावी लागते.

आपल्या संघटनेकडून अपेक्षा

शेवटी आपल्या संघटनेपुढे तीन सूचना ठेवतो. पहिली, प्रत्येक शाळकरी मुलाच्या केसपेपरवर आहार आणि लसीकरणाप्रमाणे 'झोप व पडदा' अशी एक ओळ असावी. दुसरी, वयानुसार फोनची मात्रा सांगणारे एक पानी पत्रक मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत छापून आपण शाळांना विनामूल्य द्यावे. तिसरी, दरवर्षी जूनमध्ये शाळांच्या आरोग्य तपासणीला जाताना पाचवीच्या पालकांची अर्ध्या तासाची सभा घेऊन, त्या वर्गापुरता तरी, एकत्रित निर्णय घडवून आणावा. पाचवी यासाठी की, तोवर फार थोड्यांच्या हाती स्वतःचा फोन आलेला असतो.

खर्च पत्रकाच्या छपाईचा आणि आपल्या वेळेचा. पोलिओच्या रविवारी ऊन-पाऊस न पाहता बूथवर बसलेले आपण लोक आहोत. पाचवीच्या वर्गासमोर अर्धा तास उभे राहणे आपल्याला जड जाऊ नये. येत्या जूनमध्ये ज्या सभासदांना एखाद्या शाळेची जबाबदारी घ्यावयाची आहे, त्यांनी आपली नावे कार्यवाहांकडे द्यावीत. पहिले नाव माझे लिहावे, ही विनंती.